भागिरथाचं कडवं

निकिताचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. मार्चचा महिना होता, अन् मानोऱ्याकडच्या तिच्या बंजारा तांड्यावरच्या अर्ध्या बाया अजून ऊसतोडीवरच होत्या. निघताना नवरी एकेकीच्या गळ्यात पडून रडत गाते, ते गाणं म्हणजे ढावलो. तिच्या आजीच्या, ललिताबाईंच्या, घरात रीत अशी, की जिच्या गळ्यात पडायचं तिनंच आपलं कडवं नवरीला शिकवायचं. आता बायाच घरी नाहीत, तर शिकवणार कोण?

तोड काढली नातीनंच. निकितानं मोबाइलवर एक कागद उघडला अन् त्याची लिंक सगळ्यांना पाठवली. कोणी बारामतीकडून, कोणी कर्नाटकातून आपापलं कडवं त्यात लिहिलं. कोणी दुसरीच्या ओळीखाली टोमणाही मारून ठेवला. साठीत साक्षरता वर्गाला बसलेल्या ललिताबाई रोज बोट ठेवून ते वाचत. एकच जागा रिकामी होती, त्यांच्या थोरल्या बहिणीची. भागिरथा सून रीताबरोबर नातवंडं सांभाळायला ऊसतोडीच्या तळावर गेली, अन् तिथंच खोकल्यानं अंथरुणाला खिळली. लग्नाला ती येणार नव्हती. निदान तिचं कडवं तरी ढावलोत असावं, एवढंच ललिताबाईंना हवं होतं.

लग्न चार दिवसांवर आलं, तशी निकितानं बाकीची कडवी एआयला देऊन भागिरथाचं कडवं करून घेतलं. त्यात माहेरचा आंबा होता, चांदणं होतं, उडून चाललेलं पाखरू होतं. चालीतही बसत होतं. ललिताबाईंनी दोनदा वाचलं.

“गोड हाये,” त्या म्हणाल्या. “पन हे कोन्याबी पोरीनं कोन्याबी म्हातारीले म्हनावं. माही बहीन उभ्या जल्मात कोनाशी एवढं गोड बोलली नाही.”

निकिता हसली, पण आजारी माणसाला कायले तरास, म्हणत राहिली. ललिताबाईंनी फोन लावलाच.

रीतानं एक फोन सासूच्या तोंडाशी धरला अन् नवऱ्याच्या मोबाइलवर तो कागद उघडला. भागिरथा दोन शब्द बोले, खोके, थांबे. इकडं ललिताबाई एका बोटानं अक्षरं उमटवत, तिकडं रीता ती वाचून दाखवी. एकदा तर भागिरथानं आख्खी ओळ बदलायला लावली.

नवरीच्या तोंडी कडवं झालं ते असं: मोठी दादी, दहावीच्या पेपरला तुझ्या नव्या चपला मी न विचारता घातल्या, पट्टा तोडला, कणगीमागं लपवल्या, तू उन्हाळाभर अनवाणी हिंडलीस अन् मला काही विचारलं नाहीस.

निकितानं फोन हातात घेतला.

“तुले माईत होतं, दादी?”

“पास झाली ना?” भागिरथा म्हणाली. “मंग झालं. अन् म्हनताना रडशील तर रड, पन शब्द गिळू नको.”

एआयचं कडवं निकितानं आपल्या हातानं पुसलं. लग्नाच्या दिवशी भागिरथाचं कडवं ती ललिताबाईंच्या गळ्यात पडून गायली. समोर रंजीतानं, निकिताच्या आईनं, तळावर फोन लावून मोबाइल धरला होता. चपलांपाशी येऊन निकितानं शब्द गिळला, तेव्हा पलीकडून भागिरथानंच पुढची ओळ उचलली.

भागिरथा त्याच साली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, आठ एप्रिलला, ऊसतोडीच्या तळावर वारली.