बर्चमागचा खड्डा

आमच्या घडीच्या ट्रेलरची मोरी म्हणजे परातीएवढं भांडं आणि त्याला खालून एक नळी. नळी बाहेर निघते आणि चाकांच्या निळ्या टाकीत उतरते. टाकी भरली की ती ओढत फाटकापाशी असलेल्या सांडपाण्याच्या हौदावर न्यायची, रिकामी करायची, धुऊन परत आणायची. एवढंच काम. पण एवढ्या कामावरून माझ्या नवऱ्याने, आर्वो लाहतीने, किती जणांच्या सहली नासवल्या असतील त्याला गणती नाही.

सुपीरियर सरोवराकाठच्या या कॅम्पवर आम्ही दर उन्हाळ्यात यजमान म्हणून राहतो. राहायला जागा फुकट, बदल्यात आल्यागेल्यावर नजर ठेवायची आणि नियम सांगायचे. नियम सांगायची आर्वोला भारी हौस. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. कोणी भांड्यांचं पाणी झुडपात भिरकावलं की हा दत्त म्हणून हजर. "अस्वलाला जेवायला बोलावलंय का? मग ताटही मांडा!" मोठ्या पुलापलीकडून, दक्षिणेतून येणाऱ्यांना आमच्याकडे गोष्टीतल्या भुतांवरून चेष्टेने 'पुलाखालची भुतं' म्हणतात. आर्वोच्या मते जगातलं सगळं खरकटं तीच भुतं सांडतात.

या उन्हाळ्यात टाकी हलकी लागायला लागली. भांडी रोजचीच, बेकनचं तेलही रोजचंच, पण टाकी अर्धीसुद्धा भरेना. मला वाटलं, कुठे चीर गेली असेल. मग एका सकाळी मी ट्रेलरमागे गेले, तर आर्वो बर्चच्या झाडामागे उकिडवा बसलेला. नळीखाली टाकीऐवजी बादली लावून पाणी त्याने तिथवर आणलं होतं आणि खणलेल्या खड्ड्यात ओतत होता. खड्ड्याच्या तळाशी गोटे कसे नीट रचलेले.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"बाबांनी सांगितलंय. चुना संपलाय गं, गावात गेलीस तर घेऊन ये."

त्याचे बाबा जाऊन जमाना झाला. त्यांच्या काळी सगळेच असा खड्डा खणायचे, गोटे टाकायचे, वरून चुना भुरभुरायचे. तेव्हा तीच शिस्त होती. मी त्याच्या हातातली बादली काढून घेतली, खड्डा बुजवला, वर पाला पसरला. दुपारी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. कोणा नवख्याला गाठून तो सांडपाण्यावर व्याख्यान झोडत होता, आणि ते व्याख्यान एका शब्दानेही चुकीचं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याच्यापेक्षा जास्त राग आला. कोणावर, ते विचारू नका.

मी कोणाला सांगितलं नाही. आमचा मुलगा दर फोनला त्या वृद्धांच्या संस्थेचं नाव काढतो. "आई, तिथे सौनासुद्धा आहे." सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली आहे म्हणे! जसा काही हा माणूस वाफेवर जगतोय. कॅम्पच्या ऑफिसला कळलं की यजमानपण जाणार, आणि यजमानपण गेलं की आर्वोला अंथरुणातून उठायला कारण उरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी त्याच्या आधी उठायला लागले. काही दिवस मात्र तोच माझ्या आधी उठायचा. मी खड्डा बुजवायचे, तो पुन्हा खणायचा, त्याच जागी.

ऑगस्ट सरता सरता अस्वल आलं. चांगलं ऊन पडलेलं असताना. शेजारच्या जागेवर पुलापलीकडून आलेला डेरेक प्रूइट नावाचा पोरगेला माणूस, त्याची बायको शाना आणि तान्ही मुलगी असे बरेच दिवस उतरलेले होते. त्यांचाही आमच्यासारखाच कापडी भिंतींचा ट्रेलर. बर्चचं झाड दोन्ही जागांच्या मधोमध. अस्वलाने आधी खड्डा उकरला, मग वास घेत घेत डेरेकच्या ट्रेलरचं कापड वरपासून खालपर्यंत टरकावलं. आत मुलगी निजलेली. डेरेकने तवा बडवून अस्वलाला पळवलं. पोरीला ओरखडासुद्धा उठला नाही, पण शाना तिला छातीशी धरून गाडीत जाऊन बसली ती बाहेर येईना.

मार्सी आली. ती इथली रेंजर. तिने फाटलेलं कापड पाहिलं, खड्डा पाहिला, तेलकट माती बोटाने उचलून हुंगली.

"माणसं आत असताना अस्वल घुसलंय. त्याला आता मारावंच लागेल," ती म्हणाली. "आणि ज्याने हा खड्डा केला, त्याने आजच्या आज सामान आवरायचं. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही."

"बघा, बघा पुलाखालच्यांचे धंदे!" आर्वो डेरेकवर कडाडला. "बाप आहेस ना रे? स्वतःच्या लेकीच्या उशाशी अस्वल बोलावलंस? लाज वाटत नाही?"

"मी नाही केलं हो! शपथ घेतो." डेरेक गाडीकडे वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "शाना, तू तर नाही ना ओतलंस? खरं सांग. मी काही बोलणार नाही."

शानाने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. ज्या बाईची पोर आत्ताच मरता मरता वाचली, तिला तिचा नवरा हे विचारत होता. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. तिथे माझा धीर सुटला.

"मार्सी," मी म्हटलं, "खड्डा आमचा आहे. आर्वोने खणलाय."

आर्वो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा पेटणार, चारचौघांत मला खोटी पाडणार. पाडलं असतं तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली.

"मी?" तो म्हणाला. खड्ड्यातल्या गोट्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं. "मला आठवत नाही. पण माझी आयली म्हणते म्हणजे मीच असणार. ती कधी खोटं बोलत नाही." मग तो डेरेकपाशी गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाळा, माझं चुकलं." डेरेक नुसताच गाडीला टेकून उभा राहिला.

आर्वो माझ्याकडे वळला. लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्याचा. "किती वेळा केलं गं मी असं?"

मार्सी खाली बघत होती. मातीत तेलाचे थरावर थर होते, आंधळ्यालाही दिसले असते.

"एकदाच," मी म्हटलं. "आजच."

त्याने केवढा तरी सुस्कारा सोडला. टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, नीट केली. "एकदाच ना? मग ठीक आहे," तो मार्सीला म्हणाला. "पहिली चूक मीही माफ करतो, विचार कोणालाही. पुन्हा नाही होणार."

मार्सी लहानपणी त्याच्याच बसने शाळेत जायची. त्याच्या अंगातलं यजमानाचं नारिंगी जाकीट आता तिला मागून घ्यायचं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे, आणि दोघींपैकी कोणाचाच हात पुढे होईना.