दोन देशांचा एक कुत्रा

मी आता सांगतो ते अख्ख्या आष्टी तालुक्यात कोणाला पटणार नाही, पण दोन देशांचं आभाळ मी एका कुत्र्याच्या भरवशावर राखलेलं आहे.

“झालं याचं सुरू,” कवडू म्हणाला.

तो त्याच्या छतावर, मी माझ्या. मधल्या भिंतीवरून आमचं अकरा वर्षांपासून वाकडं आहे. पण मे महिन्यात कुरड्या वाळत पडल्या की आम्ही तह करतो. उत्तर आणि पूर्व मी पाहायची, दक्षिण आणि पश्चिम त्यानं. कावळा दिसला की ओरडायचं, मग तो कोणाच्याही कुरड्यांवर उतरो. माझी सून छाया पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवून जुन्या लुगड्यावर कुरड्या घालत होती. आता दुपारी चारला ती एकेक उलटी करत होती.

तिचा रोशन, माझा नातू, हवाई दलात आहे. पश्चिमेच्या सरहद्दीजवळ रडारवर. मंगळवारी तो आईशी दोन मिनिटं बोलला. मंगळवारच्या रात्रीच तिकडं धडाडायला लागलं. आज शुक्रवार, आणि फोन नाही. मुलगा एसटीच्या ड्यूटीवर नागपूरला. घरात आम्ही दोघंच. मी गप्प बसलो की छायाचा हात थांबायचा आणि ती वर बघायची. म्हणून मी बोलत होतो.

“भूतानच्या अंगाला डोंगरावर आमची चौकी होती,” मी म्हणालो. “दोन मानसं, एक दुर्बीण, एक वायरलेस. रडारले डोंगराआडचं दिसत नाई. मंग आमी पाहाचं. किती विमानं, कोनीकडून, किती उंच, तेवढं खाली कळवाचं.”

“अन् भूतानवाले काय करत?” कवडूनं विचारलं.

“त्याईच्याजवळ लढाईचे विमानंच नाईत. त्याईचं आभाय आपनच पाहातो. नाल्याच्या पल्याड त्याईचा पहारेकरी, किनले. ना मले त्याची भाषा ये, ना त्याले माही. अन् त्याच्याजवळ हा कुत्रा.”

“नाव काय कुत्र्याचं?”

“ते सरकारी गुपित हाय.”

इथवर बरंचसं खरं होतं. पुढचं मी हवाई दलातल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत कंटाळून कंटाळून तयार केलेलं.

“विमान यायच्या पाच मिनिटं आधी तो त्या बाजूले तोंड करून बसे. एकदा भुकला म्हंजे एक, दोनदा म्हंजे दोन. किनले शिट्टी मारे, मी वायरलेसवर सांगो. वरच्या सायबाईले वाटे, मोठी मशीन बसवली डोंगरावर!”

“अन् हेलिकॉप्टर आलं तं?”

“तं गोल फिरून भुके.”

“मंग पेन्शन भेटली अशीन त्याले,” कवडू म्हणाला. “तुह्यापेक्षा जास्त.”

एरवी छाया या ठिकाणी पदरात तोंड घालून हसते. आज तिनं पुढची कुरडई उचलली, बोटानं ओली आहे का ते चाचपलं आणि परत ठेवली.

सकाळी तहसिलीचा माणूस येऊन ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजवून गेला होता. नुसती तपासणी. पण तेव्हापासून गावात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कावळेही आले नाहीत. एकसुद्धा नाही. रोज आमच्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत उत्तरेकडे जाणारी विमानं, तीही दिसत नव्हती. दोन म्हातारे चार दिशांना पाहत बसले होते आणि पाहायला काही नव्हतं.

“असं रिकामं आभाय मी एकडावच पाह्यलं होतं,” माझ्या तोंडून निघून गेलं.

छायानं मान वर केली. “मंग काय झालतं त्या दिवशी, मामाजी?”

त्या दिवशी आमचंच एक विमान खालून, ढगातून गेलं होतं. ना मला दिसलं, ना किनलेला. नुसता आवाज. ‘एक, उत्तरेकडे, खाली,’ एवढं मी कळवलं. किनलेनं पलीकडून एक बोट वर केलं, म्हणजे त्यानंही तेवढंच ऐकलं होतं. मग आम्ही दोघं दोन काठांवर उभे राहून ते परत येण्याची वाट पाहत होतो. अंधार पडेपर्यंत.

हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. यात कुत्रा कुठं घालायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

“त्या दिवशी,” मी म्हणालो, “कुत्रा... सरळ वरतं पाहून राह्यला होता...”

“मंग?”

“मंग काई नाई. अवं, तुले सांगाचंच राह्यलं! रोशनचा फोन आलता.”

तिचे हात थांबले.

“कवा?”

“तू खाली पानी प्याले गेलती तवा. म्हने, बरा हाय. जेवन झालं. मांगं कोनीतरी भांडे घासून राह्यलं होतं, त्याचा लय आवाज येत होता. आईले सांगजा, म्हने, काळजी करू नको.”

लबाडीत एक बिनकामाची गोष्ट घालावी लागते, तरच ती उभी राहते. भांडी त्यासाठी. आता कवडू बोलणार, या भीतीनं मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. चाळीस वर्षांत त्यानं माझी एक थाप सोडलेली नाही.

“हो न,” भिंतीपलीकडून कवडू म्हणाला. “मलेबी आयकू आलं. भांडेच होते.”

छायानं हातातली कुरडई उलटी करून लुगड्यावर ठेवली. कड मोडली होती, ती बोटानं जुळवून बसवली.

“मंगळवारी तिथं सगळ्याईचे फोन जमा केले, मामाजी. त्याच्या आधी तेच सांगाले त्यानं फोन केलता मले. आबाजीले सांगू नको, म्हने, ते घाबरतीन.” तिनं पुढची कुरडई घेतली. “खोटं बोलून राह्यले तुमी. दोघंबी.”