चूलबंद आवतन

ही गोष्ट २००६ सालची. त्या वर्षी लोडशेडिंग इतकं होतं की माणसं घड्याळाकडे न बघता 'लाइट गेल्यावर ये', 'लाइट आल्यावर बघू' अशी वेळ सांगायची. मी तेव्हा शेगावात एका धर्मादाय दवाखान्याचं कार्यालय सांभाळत होते. मोठी इमारत शेगावात आणि आसपासच्या तालुक्यांत लहान लहान केंद्रं, असा आमचा पसारा होता. त्यातलं वरवट बकालचं केंद्र सगळ्यात गरजेचं. तो खाऱ्या पाण्याचा पट्टा. त्या पाण्यामुळे किडनीचे रोगी पुष्कळ, आणि त्यांचं दर आठवड्याला रक्त बघावं लागे.

तिथे रक्त तपासायचं मशीन होतं आणि ते चालवायला अदीबा होती. वरवटच्याच कापड दुकानदाराची सून, लॅबचं शिक्षण अकोल्याला झालेलं. सकाळी ती रक्त काढायची आणि दुपारपर्यंत रिपोर्ट ई-मेलने शेगावला पाठवायची. डॉक्टर हिंमतराव तो वाचून औषध कळवायचे आणि रोगी दिवसाउजेडी घरी जायचा. फोनवर आकडे घ्यायचे नाहीत, असा हिंमतरावांचा कडक नियम होता, कारण मागे एकदा 'सात'चं 'साठ' ऐकू आलं होतं.

त्या उन्हाळ्यात रिपोर्ट वेळेवर येईनासे झाले. सकाळी पाठवलेला रिपोर्ट दुसऱ्या दिवशी उगवायचा. हिंमतरावांनी मला बोलावलं.

"मंजुश्रीताई, पोळ्यापर्यंत वाट पाहतो. त्याच दिवशी रिपोर्ट येत नसेल तर ते मशीन तिथे ठेवून उपयोग काय? इकडे आणू. रोग्यांनी इकडे यावं."

मी अदीबाला फोन लावला. डॉक्टरांचं म्हणणं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आमची मंजुळाबाई हाय ना, तिले एसटीत बसलं की घेरी येते. दर आठवड्याले शेगावले कोण नेईन तिले? मशीन इथून हाललं तर ती तपासनंच सोडून देईन. तिच्यासारख्या किती तरी हायेत."

"डॉक्टरांचंही चूक नाही गं."

"मी कुठं चूक म्हनून राह्यली? पन मशीन मी उठू देत नाई."

आमचे संगणक नौमान बघायचा. शेगावच्या स्टेशनाजवळ त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि बारीक गोष्टीत मान घालून बसायची सवय त्याला तिथूनच लागलेली. प्रत्येक केंद्रात ई-मेल सांभाळणारा एक संगणक होता, त्याला आम्ही सर्व्हर म्हणायला शिकलो होतो. हे सगळे सर्व्हर टेलिफोनच्या बारीक लाइनने शेगावच्या सर्व्हरला जोडलेले होते.

नौमानने दिवसभर त्या लाइनवर नजर ठेवली आणि मग माझ्या खोलीत आला.

"मॅडम, लाइन गच्च भरेल हाय. पन आपल्या टपालानं नाई. हे सर्व्हरच एकमेकाशी बोलून राह्यले."

"काय बोलतात?"

"वरवटची लाइन गेली की शेगावचा सर्व्हर साऱ्याईले सांगते, वरवटचा रस्ता बंद. आली की पुन्हा सांगते, रस्ता चालू. अन् नुसतं तेवढंच नाई, दरखेपी साऱ्या रस्त्याईचा नकाशा धाडते. अमडापूरच्या केंद्राची लाइन गेली तरी वरवटले कळवते, वरवटची गेली तरी अमडापूरले."

"आणि आपला रिपोर्ट?"

"तो मागं उभा. बोळीत वरात शिरल्यावर मागचा सायकलवाला कसा उभा राह्यते, तसा."

हे हिंमतरावांना सांगितलं तर ते चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे माणसं कामाच्या वेळी गप्पा मारतात ते कमी होतं, म्हणून आता हेही?"

दुसऱ्या दिवशी नौमान आणि मी जीपने वरवटला गेलो. केंद्राचे शिपाई उकंडराव दारातच भेटले. केंद्र उघडण्यापासून झाडलोटीपर्यंत सगळं त्यांच्याकडे होतं आणि ते सगळं ते जीव लावून करत. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात ते उठले, लाइनच्या मॉडेमवर हात ठेवला, "तापला," म्हणाले आणि शांतपणे त्याची पिन काढली.

नौमान कप ठेवून उठला. "काका! हे काय करून राह्यले?"

"आराम देऊन राह्यलो. विहिरीवरची मोटर तापली त बंद करा लागते का नाई? नाईतर जळते."

"दिवसातून किती वेळा देता आराम?"

"तापला का देतो. थंडा झाला का लावतो."

अदीबाने कपाळाला हात लावला. "या अल्ला! काका, मी समजून राह्यली व्हती लाइनच जाऊन राह्यली!"

"तू आतमंदी मशीनजवळ राह्यतं, तुले काय मालूम? मी हाव म्हनून हा डबा टिकला."

"डबा टिकला काका," नौमान म्हणाला, "पन तुमच्या एकेका आरामाची दवंडी अमडापुरापर्यंत फिरून राह्यली."

उकंडराव रुसले. पण त्या दिवसानंतर त्यांनी मॉडेमला हात लावला नाही. उलट कुणी जवळ गेलं तरी ओरडायचे.

त्याने थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. केंद्रात इन्व्हर्टर होता, मात्र गावच्या टेलिफोन केंद्रातल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. वीज गेली की थोड्या वेळाने लाइनही मान टाकायची, पुन्हा उठायची, पुन्हा टाकायची. आणि दरखेपी सगळीकडे निरोप. जाड लाइन मिळते का, म्हणून मी टेलिफोनच्या कचेरीत दोनदा जाऊन बसले. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. पोळा जवळ येत होता.

पुन्हा वरवटला गेलो तेव्हा नौमान म्हणाला, "एक सोय हाय. सर्व्हरले गप्प बसवता येते. लाइन गेली तरी कोनाले सांगाचं नाई, रस्ता चालूच हाय असं धराचं. पन मले भेव लागते मॅडम. रस्ता बंद हाय हे कळलंच नाई त टपाल तिथंच उभं राहीन."

मला एकदम अमडापूरचं, माझ्या मामाचं लग्न आठवलं. मी परकर नेसायच्या वयाची होते. तेव्हा जेवणाचं आवतन एकदा देऊन भागत नसे. पंगत तयार झाली की घरोघर बोलावणं जायचं. त्या दिवशी बोलावणं करणारा गडी निघाला आणि आचारी ओरडला, भात कच्चा आहे. गडी परत घरोघर गेला, थांबा म्हणून. मग भात झाला तर वरण लागलं. बिचारा दिवसभर गावभर फिरत राहिला. आणि पाणी आणणारा गडीही तोच! पंगत शेवटी बसली तेव्हा मांडवात प्यायला पाणी नव्हतं.

आजोबा मामावर कडाडले होते, "आवतन चूलबंद दिलं होतं ना? मग बोलावणं कशाला धाडत बसलास?"

चूलबंद आवतन म्हणजे अख्ख्या घराला जेवण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटतच नाही. मग त्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगायचं कशाला? ती येणारच. उशीर झाला तर मांडवात बसतील.

मी नौमानला विचारलं, "वरवटचं टपाल शेगावला यायला दुसरा रस्ता आहे?"

"नाई. एकच लाइन."

"मग रस्ता बंद आहे हे कळून ते जाणार कुठे?"

"कुठंच नाई. थांबनारच. लाइन आली का जाईन."

"मग ही सगळी चूलबंद मंडळी आहेत रे! यांना बोलावणं कशाला?"

नौमानने तो शब्द एकदा पुटपुटून पाहिला. मग मोठ्याने हसला. "टपालाची चूल बंद! मॅडम, हे सर्व्हरच्या कंपनीवाल्यानं पुस्तकात असं लिहिलं असतं त मी कवाच केलं असतं."

हिंमतराव मात्र साशंक होते. "आणि काही अडकून पडलं तर?"

टेबलावरच्या स्पीकरफोनवर अदीबाही ऐकत होती. "त मी सोता मशीन बांधून देईन साहेब. उकंडकाका दोरी धरतीन."

हिंमतरावांनी परवानगी दिली. एकाही सर्व्हरला बोलका ठेवून चालणार नव्हतं. नौमान आणि मी एकेक केंद्र करत गेलो. शेवटचं अमडापूर. तिथला सर्व्हर गप्प करून नौमानने लाइनवर नजर लावली आणि मला खुणेने बोलावलं. ओढा आटल्यासारखी लाइन रिकामी पडली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वरवटला सकाळपासूनच वीज नव्हती. अदीबाने मंजुळाबाईचं रक्त तपासलं. पोटॅशियम फार वाढलेलं. रिपोर्ट पाठवला, पण लाइन पडलेली, त्यामुळे फोनही बंद. मी शेगावात हिंमतरावांच्या टेबलाशी उभी होते. ते दर थोड्या वेळाने ई-मेल उघडून बघत होते. दुपारी लाइन जेमतेम आली. पूर्वी असा वेळ सर्व्हरांच्या निरोपातच सरायचा. या वेळी पहिला गेला तो मंजुळाबाईचा रिपोर्ट.

हिंमतरावांनी वाचला, 'ताबडतोब इकडे आणा' असं उत्तर लिहिलं आणि लाइन पुन्हा पडली. उत्तर थांबलं. लाइन आली, तसं ते गेलं. त्यासोबत दुसरं काहीच गेलं नाही. लाइनचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही जीप आधीच वरवटला उभी ठेवली होती. मंजुळाबाईला मागच्या सीटवर झोपवून उकंडराव सोबत आले. वाटेत तिला घेरी आलीच, पण ती वेळेत पोचली.

संध्याकाळी हिंमतराव माझ्या खोलीत डोकावले. "मशीन राहू द्या तिथेच," एवढंच म्हणाले आणि गेले.

मंजुळाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. नातीच्या लग्नात तिने मला आग्रहाने वाढलं. उकंडराव निवृत्त झाले तेव्हा अदीबाने त्यांना तो जुना, बंद पडलेला मॉडेम भेट दिला. तो त्यांच्या घरात देवाच्या फोटोखाली ठेवला होता. आता उकंडराव नाहीत, मॉडेम आहे. हिंमतरावही गेले. नौमान पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. तिथल्या पोरांना तो 'चूलबंद' हा शब्द शिकवतो आणि ती त्याच्या बोलीला हसतात, असं ईदला आला की सांगतो. ते सर्व्हर कधीच भंगारात गेले. रिपोर्ट आता मोबाइलवर येतात.

अदीबा वरवटलाच आहे. मशीन तिसरं आलं, जागा तीच. माझ्या गुडघ्यांमुळे मी आता फारशी कुठे जात नाही. मागच्या महिन्यात तिच्या मुलीच्या लग्नाचं आवतन द्यायला ती स्वतः आली. मी विचारलं, "किती जणांचं?"

"चूलबंद, ताई," ती म्हणाली. "पुन्हा बोलवाले येनार नाई मी."