तिसरा बोळा

"पाय सैल सोडा, ताई. आता नुसते बोळे काढायचेत."

सिस्टरने मूत्राशयात निळा रंग भरून तिला वॉर्डभर चालायला लावलं होतं. योनीत कापसाचे तीन बोळे, एकामागे एक. तिन्ही पांढरे निघाले तर मूत्राशयाचं भोक बुजलं.

पहिला. पांढरा.

गर्भपिशवी काढताना मूत्राशयाला इजा झाली, तेव्हापासून लघवी सतत ठिबकायची. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मालकाने आधी तिचं टेबल मागच्या दाराशी हलवलं, मग तिलाच. नवरा आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. जावेने तिला वेगळं स्टूल दिलं, वर म्हणाली, तुझं बरंय बाई, तुझी जागा कुणी पळवत नाही.

दुसरा. तोही पांढरा.

"दोघं पास झाले," सिस्टर म्हणाली. "आता धाकट्याने नाक कापू नये."

ती हसली.

भोक शिवायचं हे तिसरं ऑपरेशन. पाणी भरपूर प्या, लघवीची नळी तुंबली तर टाके सुटतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने मान हलवली होती. पण पाणी प्यायलं की अंथरूण ओलं, हे अंगात मुरलेलं. नवरा तांब्या भरून ठेवी. त्याची पाठ वळली की ती तो बेसिनमध्ये ओती. एकदा नळी तुंबली, पोट दगड झालं. सिस्टरने ती धुऊन मोकळी केली. नवरा मात्र चादरीवरून हात फिरवून म्हणाला होता, "बघ, थेंब नाही."

तिसरा.

सिस्टरने तो उजेडाकडे धरला.

"कसा आहे?"

"निळा आहे, ताई."

डॉक्टर आले. आता शिवायला धड जागाच उरलेली नाही, असं काहीतरी खिडकीकडे बघत म्हणाले. मग तिच्याकडे वळले.

"पाणी पीत होता ना?"

"हो."

घरी आली तेव्हा नवरा कामावरून यायचा होता. पलंगावरचं रबरी कापड त्याने काढून टाकलं होतं. उशा दोन होत्या.

तिने त्याच्या उशीचा अभ्रा उतरवला, कोपऱ्यांपर्यंत नीट इस्त्री केली, परत चढवला. उशी बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली.

मग तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.