कोमट हंडा

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा हंडा आहे. अंगावर पोलादी कवच, तोंडावर झाकण आणि झाकणाला तीन बोल्ट. माझ्या पोटात कोबाल्ट धातूचा करंगळीएवढा तुकडा आहे. त्याला वास नाही, आवाज नाही, पण तो कधी झोपत नाही. त्याच्यातून सतत किरण निघतात, आणि त्यांच्यामुळे माझं अंग सदा कोमट असतं. ते उघड्यावर माणसाला लागले तर आधी काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या किरणांना कोंडून ठेवणं हेच माझं जन्मभराचं काम.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका देशात झाला. आम्ही तिघे भाऊ, एकाच साच्यातले, पाठोपाठच्या क्रमांकांचे. तिघेही इस्पितळांतल्या यंत्रांत लागलो. माझ्या पोटातल्या किरणांनी डॉक्टर कर्करोगाच्या गाठी जाळत. बरी झालेली माणसं घरी जाताना यंत्राला हात लावून नमस्कार करत, तेव्हा मला फार बरं वाटे. मी मुळात वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग त्या देशात लढाई पेटली. इस्पितळ ओस पडलं. बारा वर्षं मी एका बंद खोलीत काढली. शेवटी कुणीतरी यंत्र मोडून मला भंगारात घातलं आणि मी जहाजावर चढलो. वाटेत दोन बंदरांवर किरण शोधणारी यंत्रं होती. दोन्ही गप्प राहिली. मी माझं काम इतकं चोख करत होतो की त्यांना माझ्या पोटाचा पत्ताच लागला नाही. याचा अभिमान बाळगावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

असा मी हुबळीत, सदाशिव अण्णांच्या भंगाराच्या वखारीत येऊन पडलो. अण्णांचे आजोबा सांगलीकडून इथे व्यापाराला आलेले. वखारीत लोखंड कापायचं काम मारुतीकडे होतं. अळणावरजवळच्या खेड्यातला हा पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं याच वखारीत राबलेला. सकाळच्या गारठ्यात तो चहाचा पेला घेऊन मला टेकून बसायचा.

"हंडा कोमट लागतोय की," एकदा तो स्वतःशीच म्हणाला. ऊन अजून वखारीत आलं नव्हतं. त्याने पुन्हा हात लावून पाहिला, जरा विचार केला आणि चहा संपवला. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

आयुधपूजेच्या सकाळी वखारीत हत्यारं धुतली जात होती. मारुतीने माझ्यावरची काजळी घासली, तर खालून तीन पात्यांची पुसट खूण निघाली.

"अण्णा, बेलाचं पान हाय ह्याच्यावर! शिवाचा हंडा हाय हा!"

त्याने माझ्यावर विभूतीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. मोठ्या कौतुकाने माझा फोटो काढून लेकीला पाठवला. मग झाकणही आतून पुसावं म्हणून पाना घेतला. एक बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसरा अर्धा फिरून गंजात अडकला. माझ्या पोटातला तुकडा वाट बघतोय असं मला वाटलं. इतक्यात अण्णांनी आरतीला हाक मारली. मारुतीने बोल्ट खिशात टाकले.

आरती संपते न संपते तोच त्याची लेक दीपश्री रिक्षातून उतरून धावत आली. ती देशपांडे नगरातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते.

"अप्पा, लांब व्हा! सगळी बाहेर चला!"

"अगं, देव हाय तो."

"देव नव्हं अप्पा. ही किरणांच्या धोक्याची खूण, आमच्या एक्स-रेच्या खोलीच्या दारावर असती. बेलाचं पान नव्हं हे."

वखार रिकामी झाली. मी एकटाच राहिलो, कुंकू लावलेला, समोर उदबत्ती जळत असलेला. रस्त्यावरून सगळे माझ्याकडे बघत होते. मला स्वतःचीच भीती वाटली.

अण्णा घाम पुसत म्हणाले, "पोलीस आले की वखारीला टाळं पडतंय. कलघटगीच्या वाटेला पडकी विहीर हाय. क्रेननं उचलू, ढकलून देऊ. मुगीतु, संपलं! कुणाला कळायचं नाही."

मारुतीचा हात खिशात गेला. बोल्ट तिथेच होते. सांगावं तर तीस वर्षांची नोकरी जाणार. न सांगावं तर क्रेन मला तिरकं करणार, आणि सगळ्यांत जवळ उभी होती त्याची लेक. त्याने दोन्ही बोल्ट अण्णांच्या पायांपाशी ठेवले.

"अण्णा, चुकलं माझं. सकाळी मी हे काढलो. तिसरा बी ढिला हाय. उचललं की झाकण पडंल."

अण्णांनी ते दोन्ही बोल्ट उचलून पाहिले.

"पोलिसांना फोन लाव, पोरी," ते म्हणाले.

फोटोत माझा क्रमांक होता. हरवलेल्या अशा वस्तूंची यादी सगळे देश मिळून ठेवतात. क्रमांक तिथे गेला आणि दुपारच्या आत माझ्या जन्मदेशाचं उत्तर आलं. 'आमचा नाही' म्हणून हात झटकणं त्यांना सोपं होतं. त्यांनी लिहिलं: आमचाच आहे, चूक आमची. सोबत माझ्या थोरल्या भावाची हकीकत पाठवली. तोही भंगारात गेला होता. त्याचेही दोनच बोल्ट निघाले होते. लोकांनी त्याला तिरका केला, झाकण निसटलं, आणि तो चकचकीत तुकडा कुणीतरी खिशात घालून घरी नेला. त्या घरातली चार माणसं गेली. त्या देशाने आपली ही नामुष्की लपवली नाही. तासातासाचा तपशील लिहून जगाच्या हवाली केला. म्हणूनच आलेल्या तज्ज्ञांचा पहिला प्रश्न होता: "बोल्ट किती शिल्लक आहेत?"

मारुतीकडे उत्तर तयार होतं. त्यांनी मला न हलवता झाकण वरून आवळून बांधलं आणि मगच उचललं. मारुतीचं रक्त तपासलं, ते निर्मळ निघालं. अण्णांनी त्याला कामावरून काढलं नाही. उलट ती खूण वखारीच्या फाटकावर मोठी रंगवून घेतली.

आता मी जाड भिंतींच्या एका खोलीत आहे. इथे मला टेकायला कुणी येत नाही. मारुतीची आठवण येते. एका दूरच्या देशाने आपली चूक कबूल केली आणि हुबळीतल्या एका माणसाने आपली, म्हणून तो आज चहा पितो आहे. मित्रांनो, चूक झाली तर ती विहिरीत ढकलू नका. ती मरत नाही, दुसऱ्याच्या अंगणात निघते.

आणखी एक सांगायचं राहिलं. आम्ही तिघे भाऊ होतो. धाकट्याचा क्रमांक अजून कोणत्याही देशाने कळवलेला नाही. तो कुठल्या तरी वखारीत पडला असेल, आणि कुणीतरी त्याला टेकून चहा पीत असेल. टेकण्याआधी एकदा हात लावून पाहा.