अभ्यासाला लावायचं गाणं

"कानात काय घालायचं नाय म्हंजे नाय," अनिता म्हणाली आणि तिनं मनस्वीच्या हातातली इअरफोनची वायर ओढून घेतली.

"अगो आई, मग वाचू कशी? बाहेर काय चाललंय ऐकतेस ना?"

चार घरं पलीकडे हळदीचा डीजे लागला होता. फळीवरचे पेले थरथरत होते. शेणवे गावात एप्रिलभर हेच. आज या घरी हळद, उद्या त्या घरी. आणि मनस्वीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती.

"लावायचं ते उघडं लाव. घरात सगळ्यांना ऐकू येऊ दे."

गेल्या वर्षी पावसाळा सरताना मनस्वीचा भाऊ भाविक शहापूरच्या अभ्यासिकेतून परत आला, फाट्यावर उतरला आणि घराकडे चालू लागला. मागून खडीचा डंपर आला. 'मी हॉर्न मारला, त्यानं मागं बघितलंच नाय, कानात गाणी होती,' असं ड्रायव्हरनं सांगितलं. गावानं तेच धरलं. अनितानंसुद्धा.

शाळेत पोरांची खिचडी शिजवताना तिच्या डोक्यात एकच चालायचं. असलं कसलं गाणं होतं ते, ज्याच्यापुढे माझ्या पोराला हॉर्न ऐकू आला नाही? काहीतरी धांगडधिंगा असणार. त्या तालात मान हलवत चालला असणार. मग तिला भाविकचा राग यायचा. गेलेल्या पोराचा राग आला म्हणून ती जेवता जेवता ताट सारून उठायची.

फोन भाविकचाच होता. वडिलांनी, वाल्मिकनं, काच बदलून आणला आणि मनस्वीला अभ्यासाला दिला. अनितानं त्याला कधी हात लावला नव्हता.

मनस्वीनं शब्द नसलेलं काहीतरी शोधायला घेतलं. गाण्यात शब्द आले की वाचलेलं टिकत नाही, असं ती म्हणायची. आधी बासरी लावली. तांदूळ निवडणारा अनिताचा हात थांबला.

"हेच का गो ते?"

"नाय गो."

बासरी बंद झाली. पियानो लागला.

"मग हे?"

"नाय, आई."

दुसऱ्या दिवशी संतूर, मग सतार, मग नुसता पावसाचा आवाज. पावसालाही अनितानं तेच विचारलं. सूप मांडीवर घेऊन ती पोरीच्या तोंडाकडे बघत बसायची. रक्ताभिसरणाचा धडा उघडाच राहायचा, पान उलटायचं नाही.

शेवटी एका संध्याकाळी मनस्वीनं पुस्तक मिटलं आणि दारात बसलेल्या वडिलांकडे पाहिलं.

"मनू, नको," वाल्मिक म्हणाला.

"काय नको?" अनितानं विचारलं.

"आई, मला ठाव हाय ते कुठलं. फोन पहिल्यांदा चालू केला तवा तिथंच थांबलं होतं." मनस्वीनं बोट टेकवलं.

डीजेवाले नेमके जेवायला थांबले होते. घरात एक सूर उमटला, विरला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. कुणी फुरसतीत एकेक तार छेडावी तसं.

"असलं?" अनिता म्हणाली. "असलं ऐकत होता?"

"दादा वाचताना हेच लावायचा. येताना पण मनात पाठ करीत यायचा."

"आवाज?"

"एवढाच. मी नाय वाढवला."

अनिता उठली. फळीवर ठेवलेली वायर तिनं काढली, फोनला जोडून घेतली आणि दोन्ही कानांत बसवली. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो, अंगणात जा. गाडीचा हॉर्न मारा."

"अनिता, कशाला..."

"मारा."

वाल्मिक मोटरसायकलजवळ गेला. थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग त्यानं बटण दाबलं, हलकेच, शेजारी कळू नये इतकं.

हॉर्नसरशी अनिता वळली. तिनं दोघांकडे पाहिलं.

"म्हणून सांगितलं नाय," वाल्मिक उंबऱ्याशी येऊन म्हणाला. "पोलिसांचे कागद कवाच बंद झाले. आता कुणाच्या दारात जाणार तू?"

अनितानं वायर काढून मनस्वीच्या मांडीवर ठेवली आणि ती खाली बसली. आवाज पुन्हा घरभर झाला.

"बंद करू?"

"राहू दे. तू वाच."

थोड्या वेळानं ते संपलं आणि आपोआप दुसरं सुरू झालं. तसंच शांत, पण जरा वेगळं.

"आता हे काय?"

"त्याच्या पुढचं."

भाविक इथवर पोचला नव्हता. ते संपेपर्यंत अनिता हलली नाही. मनस्वीनं पान उलटलं.

सकाळी शाळेच्या चुलीपाशी बरोबर खिचडी शिजवणारी गीताबाई नेहमीसारखी बोलून गेली, "आजकालची पोरां कानात घालून चालतात, मग मागनं काय येतं कळतंय थोडंच!"

बाकीच्या बायकांनी अनिताकडे पाहायचं टाळलं.

"आमचा भाविक कडेनं चालला होता," अनिता म्हणाली. "हॉर्न वाजलाच नव्हता."

तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ जाऊ दिली आणि खिचडीत मीठ घातलं.