टपालपेटीचा परगणा

अल्सीदच्या गोळ्यांना मंजुरी मिळाली. विमा कंपनीने स्वतःहून फोन करून सांगितलं, वर अभिनंदनही केलं. आता हे विसरून जा. मंजुरीबिंजुरी काही मिळालेली नाही, आज सोमवार आहे आणि वादळ अजून आखातातच आहे.

लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात क्लोटिल औषधाच्या दुकानात उभी होती. तिच्या धाकट्या भावाच्या, अल्सीदच्या, फिटच्या गोळ्या शनिवारपर्यंत पुरल्या असत्या. नव्या शुक्रवारी मिळायच्या. पण शुक्रवारी दुकान जागेवर असेल याची खात्री दुकानदार रेमीलाही नव्हती. तो खिडक्यांना फळ्या ठोकत होता.

"मिस क्लोटिल, संगणक म्हणतो, फार लवकर आलात."

"त्याला म्हणावं, बाहेर डोकावून बघ. वादळही लवकरच आलंय."

ज्या परगण्याला गाव सोडायचा हुकूम सुटतो, तिथल्या लोकांना गोळ्या आधी मिळतात, असा नियम होता. हुकूम तर कालच सुटला होता. क्लोटिलने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई आली.

"मॅडम, तुमच्या पत्त्यावर आणीबाणी नाहीये."

"अहो, पोलीस दारात भोंगा वाजवून गेले!"

"आमच्याकडचा पत्ता रस्त्यापलीकडचा आहे."

तो होताच. घरासमोरच्या त्या रस्त्याच्या मधोमध परगण्याची हद्द. टपालाची गाडी पलीकडच्या कडेनेच जायची, म्हणून सगळ्यांच्या बापांनी आपापल्या टपालपेट्या तिकडे रोवल्या. झोपायचं या परगण्यात, पत्रं यायची त्या परगण्यात. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"पेटी तिकडे आहे हो. माणूस इकडे राहतो."

"आमच्या नोंदीत पेटीच आहे."

"मग फिट पेटीला येते का?"

पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज आला. "नाही मॅडम, पेटीला फिट येत असल्याची नोंद नाही."

"पत्ता बदला मग."

"अर्ज करा. मंजुरीचं पत्र टपालाने येईल."

"कुठे?"

"पेटीत."

गोळ्या रोखीने घ्यायच्या तर कोळंबीची होडी विकावी लागली असती, आणि ती मागच्या वादळाने आधीच नेली होती. संध्याकाळी दोघं उत्तरेकडे निघाली.

"पेटीला घे बरोबर," गाडीत बसताना अल्सीद म्हणाला. "तिचा विमा चांगलाय."

"गप बस, माकडा."

तिकडे एका शाळेच्या व्यायामशाळेत गाव सोडून आलेल्यांसाठी खाटा मांडल्या होत्या. अल्सीद गोळ्या अर्ध्या मोडून घेऊ लागला. क्लोटिलने पाहिलं, तेव्हा म्हणाला, "पेज अर्धीच वाढतात, मग गोळी पूर्ण कशाला?" ती हसली. मोडू नकोस म्हणायचं, तर पुढची कुठून आणायची हे सांगावं लागलं असतं.

वादळ आलं आणि गेलं. पाणी रस्ता ओलांडून पलीकडे शिरलं, पेटी खांबासकट वाहून गेली, आणि त्या परगण्यातही आणीबाणी लागली. पेटी संकटात सापडताच कंपनीला पाझर फुटला. सुरुवातीला सांगितला तो अभिनंदनाचा फोन हाच.

क्लोटिल धावत जवळच्या दुकानात गेली. तिथली मुलगी म्हणाली, "डॉक्टरांची चिठ्ठी रेमीच्या दुकानात अडकलीये. त्यांनी सोडली तरच आम्हाला गोळ्या देता येतील."

"त्याचं छप्पर उसाच्या शेतात सापडलंय, पोरी. फोन पाण्याखाली आहे."

"मग त्यांनी उचलेपर्यंत थांबू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मक्याच्या पेजेच्या रांगेत, अल्सीदला फिट आली. ती थांबली नाही. रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. रुग्णवाहिका आली तोवर क्लोटिल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्याची वाटी कुणीतरी रांगेतून बाजूला सरकवली होती.

घरी एकटीच परतल्यावर तिने कंपनीला लिहिलं:

"महोदय, आपली मंजुरी मिळाली, आभार. पेटी वाहून गेल्याने उत्तर घरी पाठवावे. सदर मंजुरीची तारीख वादळाआधीच्या सोमवारची करण्यात यावी, आणि त्यानंतर घडलेल्या सर्व बाबी त्यानुसार दुरुस्त करण्यात याव्यात, ही नम्र विनंती."